राब आणि दप्तर : व्हिक्टोरियाकालीन वांगणी-बदलापूर परिसरातील लोकजीवनाच्या साधनांची समीक्षा

व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीतील, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळातील, सामान्य माणसाचे दैनंदिन जीवन हा इंग्लंड व आयर्लंड या देशांत स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊन बराच काळ लोटला. त्याच राणीच्या अमलाखाली असलेल्या उत्तर कोकणातील एखाद्या गावाविषयी तसा अभ्यास करावयाचा झाल्यास साधने कोणती, आणि ती कितपत बोलकी आहेत, हा प्रश्न मराठीत मात्र क्वचितच विचारला जातो. साधने नाहीतच, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीत बरोबर नाही. साधने आहेत, आणि काही बाबतींत ती विपुलही आहेत. परंतु ती ज्या क्रमाने लावली गेली त्या क्रमामुळे ज्याचे जीवन शोधावयाचे तो माणूसच त्यांतून निसटतो. हा दोष साधनांच्या अपुरेपणाचा नसून मांडणीचा आहे, आणि तो ओळखल्यास त्याच साधनांतून बरेच काही परत मिळविता येते, असे दाखविता येण्यासारखे आहे.

उदाहरणादाखल वांगणी घ्यावी. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बदलापूरच्या पुढे हे गाव लागते. पूर्वेस उल्हास नदीचे खोरे, पश्चिमेस चंदेरीचा सुळका आणि मलंगगडापासून माथेरानपर्यंत पसरलेली डोंगरांची रांग. खाली भातखाचरे, उतारावर नाचणी-वरीचे वरकस, त्याच्या वर जंगल. खाली कुणबी व आगरी, वर ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या. आज या गावाभोवती उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या नगरांची दाट वस्ती येऊन भिडली आहे. परंतु उल्हासनगर हे नाव १९४९ मधले; फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीचे ते गाव झाले. व्हिक्टोरियाच्या काळी या पट्ट्यात नाव घेण्याजोगे दोनच मोठे बदल घडले. पहिला, १८५६ च्या मे महिन्यात कल्याणच्या पुढे पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आगगाडी सुरू झाली. दुसरा, १८७८ चा जंगल कायदा. पहिल्याची हकीकत शाळेतील पुस्तकांतून येते. दुसऱ्याची येत नाही. वांगणीच्या माणसाच्या दिनक्रमात मात्र आगगाडीपेक्षा जंगल कायद्याने अधिक ढवळाढवळ केली, असे म्हणावयास पुष्कळ आधार आहे.

या परिसराचे प्रमुख साधन म्हणजे जेम्स मॅकनॅब कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली १८८२ साली निघालेले मुंबई गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्याचे खंड. या ग्रंथाविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते प्रचलित आहेत. एका पक्षास तो माहितीचा अक्षय्य भाता वाटतो, आणि परिच्छेदामागून परिच्छेद उतरून घेतले जातात. दुसऱ्या पक्षास तो साम्राज्यसत्तेचे हत्यार वाटतो, आणि तेवढे म्हटले की तो वाचण्याचे श्रम वाचतात. दोन्ही पक्ष ग्रंथाला अन्याय करतात. गॅझेटियरमधील माहिती मामलेदार, कारकून, शिक्षक, स्थानिक पंडित अशा अनेकांकडून गोळा झालेली आहे. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली उघडणारे भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या विद्वानाचे श्रम त्यात आहेत. घर कशाचे, घरात भांडी कोणती, जेवणात काय, लग्नास खर्च किती, हे त्यात जातवार दिले आहे. कातकरी हे नाव खैराच्या झाडापासून काथ काढण्याच्या धंद्यावरून पडले, त्यांच्यात सोन व ढोर असे भेद आहेत, ठाकुरांत क आणि म असे दोन वर्ग आहेत, ही माहिती आज ज्याला त्याला ठाऊक आहे, ती बहुतांशी याच ग्रंथाच्या प्रसारामुळे.

दोष असेल तर तो प्रकरणांच्या रचनेत आहे. मुंबई गॅझेटियरच्या जिल्हावार खंडांची रचना ठरलेली असे : प्रथम भूवर्णन, मग उत्पन्न, मग लोकसंख्या, मग शेती, मग भांडवल, मग व्यापार, त्यानंतर इतिहास व राज्यव्यवस्था. वाचकास ही रचना इतकी स्वाभाविक वाटते की तिच्याविषयी शंकाच येत नाही. परंतु वांगणीच्या एखाद्या भातकऱ्याचे चैत्र-वैशाखातील काम तिच्यात बसवून पाहिले म्हणजे अडचण ध्यानात येते.

हे काम म्हणजे राब भाजणे. भाताचे रोप जेथे तयार करावयाचे त्या वाफ्यावर पावसाळ्यापूर्वी शेण, झाडाचा टहाळ, वाळलेला पातेरा व गवत यांचे थर रचावयाचे, वर बारीक मातीचा थर द्यावयाचा आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन तो पेटवावयाचा. माती भाजते, तणाचे बी मरते, राख मिसळते. पहिला पाऊस पडला की त्या काळ्या वाफ्यात भात पेरतात, आणि रोप वर आले म्हणजे ते उपटून, मुठी बांधून, चिखलणी केलेल्या खाचरात त्याची आवणी होते. उतारावरच्या नाचणी-वरीलाही राब लागतो. या एका कामात गावचे सारे जीवन गुंतलेले असते. टहाळ तोडावयास माणूस झाडावर चढतो, भारे डोक्यावरून खाली येतात, शेण साठविण्याचे काम महिनोन् महिने घरातील बाया करीत असतात, पातेरा पोरे गोळा करतात. कुणब्याच्या राबासाठी टहाळ आणून देणारा बहुधा वरच्या वाडीतला ठाकूर वा कातकरी. त्याला मजुरी मिळते ती धान्यात, आणि अनेकदा ती मागील पावसाळ्यात घेतलेल्या उसनवारीत आधीच वळती झालेली असते. पावसाळ्यात पोटाला धान्य उचलावयाचे आणि सुगीनंतर ते वाढीने किंवा अंगमेहनतीने फेडावयाचे, या व्यवहारास ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात पालेमोड हा शब्द आहे.

आता हे एक काम गॅझेटियरमध्ये कोठे सापडते ते पाहावे. टहाळ सापडतो तो ‘उत्पन्न’ या प्रकरणात, कारण जंगल हे उत्पन्नाचे अंग. टहाळ तोडणारा सापडतो तो ‘लोकसंख्या’ या प्रकरणात, त्याच्या जातीच्या नावाखाली, त्याच्या देवदेवतांच्या व अंत्यविधींच्या शेजारी. राब सापडतो तो ‘शेती’ या प्रकरणात, खताचा एक प्रकार म्हणून. उसनवारी सापडते ती ‘भांडवल’ या प्रकरणात, व्याजाच्या दरांबरोबर. चारही ठिकाणची माहिती सामान्यतः बरोबरच असते. परंतु जो माणूस एका सकाळी झाडावर चढला, भारा घेऊन उतरला, सावकाराच्या अंगणात तो टाकला आणि संध्याकाळी नाचणीची पेज प्यायला, तो माणूस चार प्रकरणांत चार तुकड्यांनी विभागला गेला. या चारांपैकी कोणत्याही एका प्रकरणाचा लेखक त्याला ओळखत नाही. जंगलाच्या प्रकरणात तो नासधूस करणारा ठरतो. जातींच्या प्रकरणात विचित्र चालींचा नमुना. शेतीच्या प्रकरणात तो दिसतच नाही, कारण तेथे कर्ता ‘शेतकरी’ आहे. आणि भांडवलाच्या प्रकरणात तो ऋणको होतो. घरातली बाई तर यांपैकी कोणत्याच प्रकरणाची धनीण नाही. ती लुगडे, दागिने व लग्नविधी यांच्या वर्णनापुरती येते आणि शेणाची पाटी घेऊन निघून जाते.

येथे आयर्लंडचे स्मरण उपयोगी पडते. मराठी वाचकास आयर्लंड परिचित झाले ते राजकारणातून : बर्क, पार्नेल, आणि पुढे १९१६ साली टिळकांनी व बेझंटबाईंनी काढलेल्या होमरूल लीगांच्या नावातून. आयरिश माणसाची झोपडी आपल्याकडे कोणी पाहिली नाही. वास्तविक तुलना तेथेच अधिक फलदायी आहे, कारण एकच राज्ययंत्रणा दोन कृषिप्रधान देशांची चौकशी करीत होती, आणि चौकशीच्या रीती पुष्कळशा सारख्या होत्या. १८३० नंतरच्या दशकात आयर्लंडचा सर्व्हे चालू असताना टॉमस लार्कम या अधिकाऱ्याने चौकशीच्या मुद्द्यांची एक यादी तयार केली होती. तिच्याबरहुकूम उत्तरेकडील अनेक पॅरिशांची टिपणे लिहिली गेली. जमीन, इमारती, अन्न, पोशाख, करमणुकी, अंधश्रद्धा, असा त्यांचा क्रम. ही टिपणे आपल्या गॅझेटियरची थोरली भावंडे शोभतात : माहितीने भरलेली, आणि बव्हंशी मुकी. याच लार्कमच्या पुढाकाराने १८४१ च्या आयरिश खानेसुमारीत घरांचे चार वर्ग पाडले गेले. चौथ्या वर्गात मातीच्या भिंतींच्या एकखणी झोपड्या. ग्रामीण कुटुंबांपैकी जवळजवळ निम्मी या चौथ्या वर्गात मोडली. १८४१ साली त्या देशाची लोकसंख्या ८१,७५,१२४ भरली. दहा वर्षांनी, १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळानंतर, ती ६५,५२,३८५ वर आली. मधल्या काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. चौथ्या वर्गातल्या झोपड्या तर कोष्टकातून झपाट्याने नाहीशा झाल्या, आणि घरांची स्थिती सुधारल्याचा भास निर्माण झाला. कोष्टक खोटे नव्हते. झोपडीत राहणारी माणसे उरली नव्हती, एवढेच.

परंतु त्याच देशात दुसऱ्या जातीचे एक साधन आहे. १८३३ साली आयर्लंडमधील दारिद्र्याची चौकशी करण्यासाठी डब्लिनचे आर्चबिशप रिचर्ड व्हेटली यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ नेमले गेले. व्हिक्टोरिया गादीवर येण्याच्या आदल्या वर्षी, १८३६ साली, त्याचे काम आटोपले. या मंडळाच्या सहायकांनी निरनिराळ्या पॅरिशांत उघड बैठकी भरविल्या. जमीनदार, पाद्री व दुकानदार यांच्याबरोबर मजूर, विधवा व भिकारी यांनाही बोलाविले. आणि त्यांचे बोलणे शक्य तितके त्यांच्याच शब्दांत उतरून परिशिष्टांत छापले. सरकारने मंडळाच्या शिफारशी बाजूस सारल्या आणि १८३८ साली इंग्लंडच्या धर्तीवर गरिबांचा कायदा लादला, ही गोष्ट वेगळी. परिशिष्टे राहिली. बटाट्याचे पीक संपून नवे येईपर्यंतचे उन्हाळ्याचे महिने कसे काढावयाचे, उधारीवर घेतलेल्या ओटाच्या पिठाला किंमत किती वाढीव पडते, हंगामापुरता मिळणारा बटाट्याचा वाफा मजुरीत कसा फिटतो, हे जो भोगतो तोच तेथे सांगतो. लार्कमच्या रीतीने जे चार कोष्टकांत विभागले गेले असते ते त्याच्या एका उत्तरात एकत्र येते, कारण बोलणाऱ्या माणसाला आपले जीवन प्रकरणवार आठवत नाही.

राबाचेही आयर्लंडशी नाते आहे, आणि ते केवळ उपमेचे नाही. तेथील गरीब कुळे माळरानाचा वरचा थर सोलून, वाळवून जाळीत आणि त्या राखेत बटाटा लावीत. जमिनीचा कस जातो म्हणून जमीनदार भाडेपट्ट्यांत त्याविरुद्ध कलमे घालीत. अठराव्या शतकात आयर्लंडच्या संसदेने त्यास बंदी करणारे कायदेही केले. तरीही जाळणे चालूच राहिले, कारण ज्याच्याजवळ गुरे नाहीत त्याला दुसरे खत नव्हते. जाळणाऱ्याचे अज्ञान, त्याचा आळस, त्याची पूर्वापार खोड, ही जी कारणमीमांसा तेथील सुशिक्षितांनी दिली तीच पुढे ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील राबाविषयी जंगल खात्याच्या कागदांत उमटते. एका देशातील कागद दुसऱ्या देशात नेले असा याचा अर्थ नव्हे. शेतकऱ्याच्या आगीकडे पाहण्याची एक दृष्टी तयार झाली होती, आणि ती सोयीची होती.

१८७८ च्या कायद्यानंतर ठाणे जिल्ह्यात जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या. टहाळ तोडण्याच्या पूर्वीच्या मोकळिकीवर बंधने आली. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, टहाळ नाही तर राब नाही, राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर जमिनीचा धारा कोठून द्यावयाचा. ओरड इतकी झाली की सरकारला १८८५ साली मुंबई इलाख्यासाठी जंगल चौकशी मंडळ नेमावे लागले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाणी हा त्याचा मुख्य विषय, आणि १८८७ साली त्याचा अहवाल झाला. दैनंदिन जीवनाच्या अभ्यासकाने गॅझेटियरच्या शेजारी हाच अहवाल मांडावयास हवा. त्यातील निर्णय तितके महत्त्वाचे नाहीत. सरकारी मंडळाने सरकारी धोरणाची बूज राखली तर त्यात नवल ते काय? महत्त्व आहे ते गाऱ्हाण्याच्या रूपाला. गाऱ्हाणे सांगणाऱ्याला टहाळ, राब, रोप, कर्ज, धारा आणि पोट या साऱ्यांचा संबंध लावूनच दाखवावा लागतो. नाहीतर त्याचे गाऱ्हाणे उभेच राहत नाही. गॅझेटियरने जे तोडले ते तंट्याने पुन्हा जोडले. वर्णनापेक्षा वादातून दैनंदिन जीवन अधिक कळते, हा नियम आयर्लंडइतकाच ठाण्यालाही लागू आहे.

राब अडाणीपणाचा आहे की नाही हा प्रश्न पुढे शास्त्रज्ञांनीही हाताळला. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या शेतकी खात्यातील हॅरल्ड मॅन यांनी आपल्या मराठी सहकाऱ्यांसह राबाचे प्रयोग केले. राखेखेरीज जमीन तापण्याचाही रोपाच्या वाढीस उपयोग होतो असे त्यांतून निघाले. ज्याला खोड म्हटले गेले होते त्याच्या मागे पिढ्यान् पिढ्यांची पारख होती, हे मान्य व्हावयास एवढा काळ जावा लागला.

आता मराठी साधनांकडे वळावयाचे. येथे एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. ठाण्याचे खंड निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८३ साली, जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. फुल्यांचा शेतकरी पुण्याकडचा, देशावरचा. राबाचा तेथे संबंध नाही. तथापि त्यांनी शेतकऱ्याचे घर, गोठा, भांडीकुंडी, सावकाराचा तगादा, कचेरीतील हेलपाटे आणि जंगल खात्याचा जाच ही सारी एका कुटुंबाभोवती गोळा केली. शैली प्रक्षुब्ध आहे, अतिशयोक्ती आहे, आणि इतिहास म्हणून त्यातील काही विधाने टिकणारी नाहीत. पण माणूस अखंड आहे. गॅझेटियर आणि असूड शेजारी ठेवून वाचल्यास पहिल्यातील माहिती दुसऱ्यातील माणसाच्या अंगावर चढते, आणि दोन्ही ग्रंथ सुधारतात. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) या दृष्टीने फारसा उपयोगी नाही. तो थोर ग्रंथ आहे यात वाद नाही. परंतु त्याचा गाडा अलुत्या-बलुत्यांच्या चाकांवर, देशावरच्या पांढरीत चालतो. चंदेरीच्या पायथ्याच्या वाडीत तो चढत नाही.

या परिसराचे खरे मराठी साधन म्हणजे नारायण गोविंद चापेकर यांचे ‘बदलापूर’ हे १९३३ मधील पुस्तक. चापेकरांचा जन्म १८६९ चा, निधन १९६८ चे; न्यायखात्यातील नोकरी करून ते बदलापुरास स्थायिक झाले, आणि १९३४ च्या बडोदे साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. आयरिश राजकारणी एडमंड बर्क याचे चरित्रही त्यांनी मराठीत लिहिले, ही गोष्ट आयर्लंडचा उल्लेख झाल्यामुळे सहज आठवते. स्वतःच्या गावावर, ‘आमचा गाव’ म्हणून, एवढ्या बारकाईने लिहावे ही कल्पनाच त्या काळी नवी होती. संस्थाने, राजे, संत यांच्यापलीकडे इतिहास असतो, तो आपल्या ओसरीपाशी सुरू होतो, असे मानणाऱ्या थोड्या लोकांत चापेकर अग्रणी होत. पुढे ‘पेशवाईच्या सावलीत’ या ग्रंथात त्यांनी जुन्या जमाखर्चांच्या कागदांतून पेशवेकालीन घरगुती जीवन उभे केले, त्यामागची दृष्टीही हीच.

‘बदलापूर’चे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. ते १९३३ साली प्रसिद्ध झाले असले तरी त्यातील वृद्ध माणसे व्हिक्टोरियाच्या काळात वाढलेली आहेत. स्वतः लेखक राणी वारली तेव्हा तिशी ओलांडलेला गृहस्थ होता. म्हणून त्यातील ‘पूर्वी’ हा शब्द जेथे जेथे येतो तेथे अभ्यासकाने थांबावे. तो बहुधा १८७० ते १९०० या काळाविषयी बोलत असतो, आणि त्या काळाविषयी मराठीत गावपातळीवर बोलणारे दुसरे पुस्तक सहजासहजी सापडणार नाही.

तथापि या ग्रंथाची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गॅझेटियरने माणूस विषयवार तोडला; चापेकरांनी तो गावाच्या चौकटीत एकत्र आणला; परंतु ती चौकट गावठाणाची आहे. गावात राहून गाव पाहणाऱ्या सुशिक्षित, सुस्थित, ब्राह्मण गृहस्थाची ती दृष्टी आहे, आणि लेखकाने ती कोठे लपविलेली नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. त्या दृष्टीस ठाकूर-कातकरी दिसतात ते गावात उतरतात तेव्हा : मोळी विकावयास, मजुरीस, उसनवारीस. ते परत कोठे जातात, रात्री काय बोलतात, गावठाणाविषयी त्यांचे मत काय, हे त्या ओटीवरून दिसणे शक्य नव्हते. ज्या महसुली गावाच्या हद्दीत वाडी येते त्याच गावाच्या ‘आमचा’ या शब्दात ती येतेच असे नाही. चापेकरांना दोष देण्यापेक्षा हे लक्षात घेणे अधिक उपयुक्त की, वाडीवरून लिहिलेले ‘बदलापूर’ आपल्यापाशी नाही, आणि ते लिहिण्याचा काळ झपाट्याने सरतो आहे.

आगगाडीच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. बोरघाटाच्या कामावर १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. ठेकेदार फेव्हिएल, त्याच्यानंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येताच मेला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवून १८६३ पर्यंत काम तडीस नेले, हे सारे नोंदलेले आहे व वारंवार सांगितले जाते. चाळीस हजारांपैकी एकाचेही नाव सांगितले जात नाही. ते बोलले असे कागदांत दिसते ते एकदाच : १८५९ च्या आरंभी मजुरी थकल्यामुळे दंगा झाला तेव्हा. पुढच्याच वर्षी मालक व कामगार यांच्या तंट्यांविषयीचा कायदा झाला. येथेही वर्णन मुके, वाद बोलका.

याच्या उलट अंबरनाथचे देऊळ पाहावे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील हे शिलाहारकालीन शिवालय. १८६८ साली मुंबई सरकारने कलाशाळेची माणसे पाठवून त्याची मोजमापे, चित्रे व साचे करविले. काम उत्कृष्ट झाले, आणि त्याबद्दल कृतज्ञच राहावयास हवे. परंतु त्याच वर्षी त्याच नदीच्या खोऱ्यातील कुडाच्या घराचे माप कोणी घेतले नाही. घराची किंमत मात्र जातवार दिली गेली.

हा सारा विचार निव्वळ ग्रंथसमीक्षेचा आहे असे समजू नये. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये आदिवासींना व अन्य पारंपरिक वननिवासींना जंगलजमिनीवरील आपले हक्क ग्रामसभेपुढे सिद्ध करता येतात. अन्य पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वास दाखवावा लागतो. या कायद्याच्या २००८ मधील नियमांत पुराव्यांची जी यादी दिली आहे तीत गॅझेटियरचे नाव स्पष्ट आहे. म्हणजे १८८२ चा ग्रंथ आज पुन्हा दप्तरातून बाहेर येऊन साक्षीस उभा राहतो, आणि त्याच्या प्रकरणांची रचना साक्षीबरोबर येते. कातकऱ्यांविषयीचा परिच्छेद वाचणारा अधिकारी ‘लोकसंख्या’ उघडतो. तेथे त्याला काथ, कोळसा, मोलमजुरी व भटकेपणा सापडतो, आणि जमिनीशी संबंध नव्हताच असा निष्कर्ष काढणे सोपे जाते. तोच अधिकारी ‘उत्पन्न’ आणि ‘शेती’ ही प्रकरणे त्याच्याशी जोडून वाचील तर उतारावरच्या नाचणीचा राब कोणी भाजला असा प्रश्न त्याला पडेल. कुलाबा जिल्ह्यात ठाकूर-कातकऱ्यांना कसण्यास दिलेल्या दळी जमिनींचे वाद आजही ज्या कागदांवर लढविले जातात त्यांचीही गत हीच आहे. ग्रंथ वाचण्याची रीत चुकली तर येथे एखाद्या निबंधाचे गुण जात नाहीत, जमीन जाते.

त्याच नियमांच्या त्याच यादीत आणखी एक बाब आहे : दावेदाराखेरीज इतर वृद्धांनी सांगितलेली व लिहून घेतलेली हकीकत. ही बाब गॅझेटियरच्या बरोबरीने मान्य केलेली आहे, आणि व्यवहारात तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. चार ओळींचे ठरावीक निवेदन, खाली अंगठे, असे तिचे स्वरूप पुष्कळदा होते. आयर्लंडने या बाबतीत घालून दिलेला धडा फार मोठा आहे. त्या देशाच्या व्हिक्टोरियाकालीन खानेसुमारीचे मूळ तक्ते जवळजवळ सारे नष्ट झाले. काही सरकारनेच रद्दीत घातले, आणि १८२१ ते १८५१ या खानेसुमाऱ्यांचे तक्ते १९२२ साली डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत गेले. परंतु १९३५ साली तेथे लोकविद्या मंडळ स्थापन झाले, आणि १९३७ पासूनच्या दोन वर्षांत सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील मुलांनी आपापल्या आजीआजोबांकडून ऐकलेले वह्यांत उतरून आणले. घर कसे बांधीत, भाकरी कशाची, दुष्काळात शेजारचे कोणते घर ओस पडले, जुना रस्ता कोठून जाई. प्रश्न साधे होते आणि प्रत्येक प्रश्न ठिकाणाला बांधलेला होता. त्या वह्यांनी सरकारी कोष्टकांनी केलेली मोडतोड पुष्कळ अंशी भरून काढली, आणि हे काम पदवीधरांनी नव्हे, अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांनी केले.

वांगणी व बदलापूर यांच्यामधील पट्ट्यात खाचरांची जागा इमारतींच्या भूखंडांनी व रोपवाटिकांनी घेतली असली, तरी डोंगराच्या अंगाला राब अजून भाजला जातो. तेथे विचारावयाचे प्रश्न गॅझेटियरच्या चार प्रकरणांच्या सांध्यांतूनच काढता येतील : टहाळ कोणत्या झाडाचा घेत आणि कोणत्या झाडाला हात लावीत नसत, कोणाच्या मालकीतून तो आणीत आणि त्याबद्दल काय देत, भारा कोण वाही, जंगलाचा शिपाई आडवा आला तर काय करीत, शेण कोणाच्या गोठ्यातले, आग कोण लावी, आणि ती पसरली तर दोष कोणावर येई, उचललेले धान्य कोणत्या मापाने घेत व कोणत्या मापाने फेडीत, आवणीच्या दिवसांत घरी लहान मूल कोण सांभाळी. यांतील शेवटचा प्रश्न कॅम्बेल यांच्या खंडांत विचारलेला नाही, १८८५ च्या मंडळाने विचारलेला नाही, आणि चापेकरांच्या ओटीवरूनही तो विचारला जाण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर देऊ शकणाऱ्या बाया वरच्या वाड्यांत आहेत.